एनो तिवाचं नाव यादीत नाही

कोटोमासे, २० मे

सारपोंग,

पाकिटावर माझं अक्षर बघितलंस की तू ते उशीखाली सारशील, हे मला ठाऊक आहे. शाळेचं प्रगतिपुस्तकही असंच सारायचास. म्हणून आधीच सांगते, पैसे मागायला मी लिहीत नाहीये. मला फक्त तुझ्या सहीचा एक कागद हवा आहे, आणि तो बारा जुलैच्या आत हवा आहे.

पत्ता अडू टेलरकडून मिळाला. तो एप्रिलमध्ये इटलीहून कायमचा परत आला. आता बाजारात मशीन टाकून बसलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिकडच्या थंडीच्या गोष्टी सांगतो. तू नेपल्सच्या पुढे टोमॅटोच्या शेतांकडे राहतोस आणि तुझा फोन दर चार महिन्यांनी बदलतो, असं तो म्हणाला. फोन लागला असता तरी मी केला नसता. जिल्ह्याच्या ऑफिसला कागदच लागतो. शिवाय सहा वर्षांनी तुझा आवाज ऐकून मी रडेन की शिव्या देईन, याचा मला भरवसा नाही.

आईच्या पायाला जखम झाली आहे. तिला साखरेचा आजार आहे, हे तुला माहीत नसेल, कारण तो तू गेल्यानंतर झाला. फेब्रुवारीत नवी चप्पल डाव्या अंगठ्याला लागली, एवढंच निमित्त. पण जखम भरेचना. आता अंगठा काळा पडलाय. आपल्या दवाखान्यातली नर्स कम्फर्ट रोज धुऊन पट्टी बांधते. ती म्हणते, जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नेऊन सडलेलं काढून टाकायला हवं, रोज इंजेक्शनं हवीत. हे ऑगस्टच्या आत झालं नाही तर पाय घोट्यातून जाईल, मग गुडघ्यातून. हॉस्पिटल आधी पैसे भरून घेतं, मगच खाट देतं.

पण यंदा सरकारची नवी योजना आली आहे. गावातल्या सगळ्यात गरीब घरांची यादी करायची, त्यांना दर दोन महिन्यांनी थोडी रक्कम द्यायची आणि हॉस्पिटलचं फुकट कार्ड द्यायचं. ही यादी गावानेच करायची होती. त्यासाठी पाच जणांची समिती नेमली. ओपानिन ताची सगळ्यांत वडील म्हणून, हेडमास्तर इंग्रजी येतं म्हणून, कम्फर्ट, चर्चचा एक माणूस आणि मी. मला का घेतलं ते विचारू नकोस. माझ्या तोंडाला सगळं गाव घाबरतं, हे एक कारण असावं.

शाळेच्या वर्गात बसून आम्ही प्रत्येक घराच्या नावाची चिठ्ठी केली आणि तीन ढीग केले. बरं चाललंय ते, ओढाताण आहे ते आणि ज्यांना काहीच आधार नाही ते. आईची चिठ्ठी ओपानिन ताचींनी स्वतः तिसऱ्या ढिगात ठेवली आणि कोणी हूं की चूं केलं नाही. माझी मी मधल्या ढिगात ठेवली. मग जिल्ह्याहून माणसं आली, घरोघर फिरून त्यांनी प्रश्न विचारले, फॉर्म भरले. गेल्या सोमवारी शाळेच्या भिंतीवर पक्की यादी लागली. तिच्यात एक्केचाळीस नावं आहेत आणि आईचं, एनो तिवाचं, नाव नाही.

मी ट्रो-ट्रोची गाडी पकडून जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब, मिस्टर अयारिगा, उत्तरेकडचे आहेत. माणूस सभ्य, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग त्यांनी आईचा फॉर्म काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'मुलगा परदेशात आहे. दर महिन्याला पैसे पाठवतो.'

त्यांच्या नियमात त्यावर एक उपाय आहे. बारा जुलैला गावात उघडी सभा होईल, तिथे हरकत घ्यायची. मुलाचं सही केलेलं पत्र हवं की तो काही पाठवत नाही. घरातल्या कोणीतरी उभं राहून तेच सगळ्यांसमोर सांगायचं. आणि जिच्या नावाबद्दल बोलणं चाललंय ती म्हातारी तिथे हजर हवी. माघारी कोणाबद्दल काही ठरवायचं नाही, असा कायदा आहे म्हणे.

तेव्हा एकच ओळ लिही. 'मी सहा वर्षांत माझ्या आईला काहीही पाठवलेलं नाही.' खाली सही कर. खरंच तर आहे ते. एक खरी ओळ लिहायला काय अवघड आहे?

आईने फॉर्मवाल्यांना तसं का सांगितलं, असं तू विचारशील. म्हातारी माणसं काहीही सांगतात.

आणि लॉरी स्टँडवर मी तुला जे बोलले, की परत तोंड दाखवू नकोस, ते मी मागे घेत नाहीये. त्याचा आणि या कागदाचा काही संबंध नाही.

पोकुआ

कोटोमासे, ९ जून

सारपोंग,

वीस दिवस झाले, तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं आहे, हे मला कळलंय, कारण अडूच्या तिकडे राहणाऱ्या मेहुणीने ते तुझ्या हातात दिलं आणि तू तिच्यासमोर ते खिशात घातलंस, असं ती म्हणाली. म्हणजे उशीऐवजी खिसा.

शेजारची दोन बोटंही काळी पडली आहेत. पट्टी सोडली की खोलीत वास पसरतो. आई तेव्हा तोंड भिंतीकडे करते आणि कम्फर्टशी यामच्या कंदांबद्दल बोलत राहते.

तू लिहीत नाहीस ते बहुधा यामुळे, की मी तुला अर्धंच सांगितलं. तुला वाटलं असेल, आई मुलाच्या अब्रूसाठी खोटं बोलली आणि आता तिला खोटं पाडायला मी तुझी सही मागतेय. तसं नाही. आई खोटं बोलली नाही. तिला जे माहीत होतं तेच तिने सांगितलं. खोटं मी बोलत होते, आणि सहा वर्षं बोलत होते.

तुला पाठवायला आईने काय काय विकलं, ते तुला माहीत आहे. काजूची बाग गेली, ती गेलीच. पण तिने पेटीतली कापडं विकली, सारपोंग. बाबांनी लग्नात दिलेलं, माझ्या जन्माच्या वेळचं, तुझ्या जन्माच्या वेळचं. आपल्या बायकांची पेटी म्हणजे काय असतं हे तुझ्यासारख्याला सांगून कळणार नाही. एक निळं-पांढरं कापड तेवढं उरलं, रविवारचं. मला राग आला तो त्याचा. बागेचा नाही.

तू गेलास आणि पाच महिने काही कळलं नाही. मग रेडिओवर बोट बुडाल्याची बातमी आली. किती माणसं, कुठली, काही सांगितलं नाही. आई तीन दिवस दाराशी बसून होती, पाण्याशिवाय काही घेतलं नाही. चौथ्या दिवशी मी कसाव्याची गारी भाजते त्या शेडमधून थेट तिच्याकडे गेले, भाजण्याचे जे पैसे मिळाले होते ते पाकिटात घातले आणि म्हटलं, सारपोंगने पाठवलेत, टमाले शहरातल्या एका माणसाबरोबर. ती उठली. तिने फुफू मागितलं. दोन वाट्या खाल्लं.

एकदाच करायचं होतं. पण पुढच्या महिन्यात तिने विचारलं, या महिन्याचं अजून कसं आलं नाही, तो आजारी तर नाही? मग दर महिन्याला करावं लागलं. तू आजारी पडू नयेस म्हणून, असं म्हण. ती त्यातला थोडा भाग चर्चमध्ये तुझ्या नावाने टाकायची. उभी राहून सांगायची, माझ्या सारपोंगकडून. मी मागच्या बाकावर बसून 'आमेन' म्हणायचे. गारी भाजून डोळ्यांत गेलेला धूर रविवारीही जात नाही, आणि शेडमधल्या बायका मला म्हणायच्या, युरोपात भाऊ आणि तू कढईपुढे? तुला चांगला मिळाला गं भाऊ, सगळं आईलाच देतो. मी हसायचे. दुसरं काय करणार?

फॉर्मवाली मुलगी आली तेव्हा मी आईच्या शेजारी बसले होते. समितीची बाई म्हणून. तिने विचारलं, 'एनो, बाहेरून कोणी पैसे पाठवतं का?' आईने मान अशी उंच केली की मला तिच्याकडे बघवेना. 'माझा मुलगा. दर महिन्याला, चुकत नाही.' मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. त्या घटकेला एक वाक्य बोलले असते तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. मी त्या मुलीच्या पेनाकडे बघत बसले आणि तिला लिहू दिलं.

आता तरी कागद पाठव.

पोकुआ

कोटोमासे, ५ जुलै

सारपोंग,

काल तुझं पत्र मिळालं. चार पानं. एक ओळ मागितली होती.

पहिल्या पानावर सही आहे, ओळ मी सांगितली तशीच आहे, त्याबद्दल आभार. उरलेली तीन पानं मी शेडमागे बसून वाचली आणि मग पुन्हा वाचली, कारण मला वाटलं की डोळ्यांनी दगा दिला.

'अक्का, मला माहीत होतं', असं तू लिहिलंस. आई चर्चमध्ये तुझ्या नावाने देते, हे अडूने दोन वर्षांपूर्वीच तुला सांगितलं होतं. त्याला ते गावातून कळलं. आणि ते पैसे कुठून येत असणार, हे तुला तिथल्या तिथे उमगलं. 'तू सांभाळतेयस म्हटल्यावर मला झोप लागायला लागली.' तुझं वाक्य आहे, मी फक्त उतरवून काढलंय. तुला झोप लागायला लागली. बरं झालं बाबा, घरात एकाला तरी लागली.

मला इतका संताप आला की कढईतली गारी करपली आणि मालकिणीने ती माझ्या नावावर टाकली. मी सहा वर्षं एकटी खोटं बोलतेय असं समजत होते. एकटं खोटं बोलण्यात निदान मान तरी असतो. त्यातली दोन वर्षं तू सोबत होतास, फुकट.

तू कुठे राहतोस तेही वाचलं. पत्र्याची शेड, बारा माणसं, गुरुवारी चर्चच्या दारात जेवणाची रांग. अडूने हे सांगितलं नव्हतं. तो फक्त थंडीबद्दल बोलतो. आणि गेल्या हिवाळ्यातलं ते, तिथल्या मदतीच्या ऑफिसात निवाऱ्यासाठी गेलास, बाईने विचारलं की तुम्ही घरी पैसे पाठवता का, आणि तू म्हणालास, हो, आईला, दर महिन्याला. तिने लिहून घेतलं की याला पैसा उरतो आणि खाट दुसऱ्याला गेली. हे वाचून मला हसू आलं, सारपोंग. राग डोक्यात असतानाच हसू आलं. तिथेही फॉर्म, इथेही फॉर्म, आणि आपण सगळे एकाच पोटचे.

आता तुझ्या शेवटच्या विनंतीबद्दल. 'ते आईसमोर वाचू नका.' ते जमणार नाही. मी पुन्हा अयारिगांना विचारून आले. त्यांनी मला समजावून सांगितलं की मागे एका गावात दुकानदारांची आणि पुढाऱ्यांच्या मेव्हण्यांची नावं यादीत घुसली होती, दार बंद करून यादी केली होती म्हणून. तेव्हापासून सगळं उघड्यावर करतात. मला त्यांचं पटलं, यातच सगळी अडचण आहे. नियम चांगला आहे. फक्त आपल्या घरात शिरताना तो आडवा आलाय.

कम्फर्ट म्हणते सूज घोट्याकडे सरकतेय. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. सभा आहे एवढंच तिला माहीत आहे. तिला वाटतंय, नाव चुकून राहिलंय आणि ते दुरुस्त करायला जायचंय. निळं-पांढरं कापड धुऊन ठेवलंय तिने.

आजपासून सात दिवस. तू तिथे गुरुवारच्या रांगेत उभा असशील तेव्हा आमची सभा दोन दिवसांवर असेल. प्रार्थना वगैरे करत असशील तर कर.

पोकुआ

कोटोमासे, १३ जुलै

सारपोंग,

काल झाली सभा. जसं झालं तसं लिहिते. तुझ्याबद्दल जे झालं ते गाळणार नाही आणि माझ्याबद्दलचंही नाही.

आईला मालाच्या तीनचाकीतून शाळेपर्यंत नेलं, मागच्या खोक्यात खुर्ची ठेवून. ती सगळ्यांना हात करत होती. गावप्रमुख नाना मोठ्या खुर्चीत, बाजूला ओचिआमे चांदीच्या मुठीची काठी घेऊन, समोर अयारिगा आणि त्यांचे फॉर्म, आणि हेडमास्तर दोन्हीकडचं समजावून सांगायला. सगळं गाव आलं होतं. तीन हरकती होत्या, आपली शेवटची.

तू सहा वर्षं बाहेर आहेस, तेव्हा आठवण करून देते. नानांशी आपण थेट बोलत नाही. जे बोलायचं ते ओचिआमेला सांगायचं, आणि तो ते नानांच्या कानाला शोभेल असं करून पुढे नेतो. आपले ओचिआमे या कामात वस्ताद आहेत, शिवाय आईचे मावसभाऊ.

मी उभी राहिले. आईकडे पाठ करून उभी राहिले, हे मी मुद्दाम केलं. म्हटलं, 'ओचिआमे, नानांच्या कानावर घाला. माझ्या भावाने सहा वर्षांत आईला काही पाठवलेलं नाही. जे पैसे येत होते ते माझे होते. मी तिच्याशी खोटं बोलत होते.'

ओचिआमेंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे आईकडे बघितलं. मग ते नानांकडे वळून म्हणाले, 'नाना, ही लेक म्हणते की भाऊ लांब आहे आणि वाट काट्यांची आहे. पण एका आईची लेकरं, त्यांचे हात वेगळे मोजायचे नसतात. जिथे भावाचा हात पोचला नाही, तिथे बहिणीचा पोचला. म्हातारीची चूल कधी विझली नाही.'

लोकांनी माना डोलावल्या. काही जणांनी 'वा' म्हटलं. हेडमास्तरांनी ते इंग्रजीत आणखी छान करून सांगितलं आणि अयारिगांनी लिहून घेतलं. मी वाकून बघितलं, लिहिलं होतं की मदत नियमित पोचते.

मग माझा तोल गेला. मी ओचिआमेंच्या डोक्यावरून थेट नानांना म्हटलं, 'नाना, हे गोड करून सांगतायत. माझा भाऊ काही पाठवत नाही. त्याच्याकडे स्वतःला खायला नाही. हा त्याच्या सहीचा कागद.'

असं बोलणं चूक आहे हे मला कळत होतं. काठी जमिनीवर आपटली. ओपानिन ताची म्हणाले, मेंढी. आमच्या समितीतले ताची, ज्यांनी आईची चिठ्ठी स्वतः तिसऱ्या ढिगात ठेवली, त्यांनीच मला दंड लावला. नानांनी हात वर केला आणि म्हणाले, मेंढीचं मागाहून बघू, आधी कागद वाचा.

हेडमास्तरांनी वाचला. एकच तर ओळ. आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत. मग मला वळावंच लागलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती हेडमास्तरांच्या हातातल्या कागदाकडे बघत होती, आणि तिने हात पुढे केला. त्यांनी तो तिला दिला. तिला वाचता येत नाही, तुला माहीत आहे. तिने तुझ्या सहीवरून बोट फिरवलं, कागदाची घडी केली आणि कापडाच्या गाठीत बांधून ठेवला. डोळ्यांत पाणी नव्हतं. रडली असती तर बरं झालं असतं.

मला वाटलं, संपलं. आता नाव लागेल. अयारिगांनी मला विचारलं, 'म्हणजे हे पैसे तुम्ही देत होतात. दर महिन्याला?'

'दर महिन्याला.'

'सहा वर्षं? मध्ये कधी चुकलं?'

'एकदाही नाही', मी म्हटलं, आणि ऐक, मी ते ताठ मानेने म्हटलं. आईने त्या फॉर्मवाल्या मुलीला सांगितलं होतं तसंच.

त्यांनी पेन खाली ठेवलं. चांगला माणूस आहे, त्यांनाही जड जात होतं. म्हणाले, 'मग मला नाव घालता येत नाही. महिन्याच्या महिन्याला पैसा येतो का, एवढंच फॉर्म विचारतो. कोण देतं ते विचारत नाही.'

सारपोंग, मी आईचा मुलगा गावासमोर तिच्याकडून हिरावला, मेंढी ओढवून घेतली, आणि हातात काय आलं तर हे. मी तिला पोसलं म्हणून ती गरीब नाही. मी दोन महिने चुकवले असते, तिला उपाशी ठेवलं असतं, तर तिचा पाय वाचला असता. मी हे तिथे ओरडून बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही.

अयारिगांनी मला बोलू दिलं. मग फॉर्मची शेवटची पानं चाळत हळूच म्हणाले, 'एक वाट आहे. देणारं घर स्वतःच यादीतलं असेल तर त्याने दिलेलं मोजत नाहीत. तुमचं नाव यादीत आहे?'

कम्फर्टने सांगितलं, नाही, मधल्या ढिगात आहे. 'चिठ्ठी कोणी ठेवली?' त्यांनी विचारलं. तिने ठेवली. तिची तिने.

'मग सभेसमोर सांगा', अयारिगा म्हणाले. 'तुम्ही गरीब आहात का? तुम्ही हो म्हणालात आणि गावाने हरकत घेतली नाही, तर आज दोन्ही नावं लिहितो.'

एक शब्द. मी तुला एका ओळीवरून काय काय सुनावलं होतं, ते सगळं त्या वेळी माझ्या डोक्यात आलं. समोर शेडमधल्या बायका बसल्या होत्या, ज्यांना मी माझ्या दोन्ही मुली बोर्डिंगमध्ये आहेत असं सांगत आले. खरं तर मुली माझ्या दिराकडे भांडी घासतात आणि तिथल्या शाळेत जातात. माझ्या अंगावर इस्त्रीचा झगा होता. समितीची बाई. मी तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. अयारिगांनी पुन्हा विचारलं. आईचा पाय माझ्यापासून चार हातांवर होता, पट्टीतून पिवळं उतरलेलं दिसत होतं, वास येत होता, आणि तरी मला 'हो' म्हणता येईना. मी जमिनीकडे बघत उभी राहिले. आता कळलं मला, त्या इटलीतल्या बाईसमोर तुझं काय झालं असेल.

मग मागून आईचा आवाज आला. तिने रीत सोडली नाही. नानांकडे न बघता ती म्हणाली, 'ओचिआमे, नानांना सांगा. माझी मुलगी गरीब आहे. तिच्या घरात काही नाही. सहा वर्षं मी तिच्या ताटातलं खाल्लं आणि दुसऱ्याचं नाव घेतलं.'

सगळे ओचिआमेंकडे बघायला लागले. ते नानांकडे वळले, काठी छातीशी धरली, आणि म्हणाले, 'नाना, एनो तिवा म्हणते, माझी मुलगी गरीब आहे. तिच्या घरात काही नाही. सहा वर्षं मी तिच्या ताटातलं खाल्लं आणि दुसऱ्याचं नाव घेतलं.'

तेवढंच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना असं करताना ऐकलेलं नाही.

नानांनी विचारलं, कोणाची हरकत? कोणी उठलं नाही. शेडमधल्या बायकांपैकीही कोणी नाही. मला वाटतं त्यांना आधीपासून माहीत असावं. अयारिगांनी दोन्ही नावं लिहिली आणि आईचा अंगठा घेतला. माझीही सही घेतली, 'गरीब' लिहिलेल्या ओळीखाली.

घरी येताना आई माझ्याशी बोलली नाही. अजूनही बोललेली नाही. वाढलेलं खाते. तुझा कागद अजून तिच्या गाठीत आहे.

पोकुआ

जिल्हा हॉस्पिटल, ९ ऑगस्ट

सारपोंग,

कार्ड तेवीस तारखेला आलं, त्याच दिवशी आईला खाट मिळाली. अंगठा आणि दोन बोटं गेली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाला, आणखी दहा दिवस उशीर झाला असता तर घोट्यातून काढावा लागला असता. काल ती काठी धरून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली, आणि मग तिथल्या आयाला म्हणाली की ही फरशी नीट पुसलेली नाही.

मेंढीचं अजून नानांनी काढलेलं नाही. ओचिआमे हॉस्पिटलात येऊन गेले, आईसाठी संत्री घेऊन. मेंढीचा विषय मी काढला तर म्हणाले, कोणती मेंढी?

अकरा दिवस आई माझ्याशी बोलली नव्हती. बाराव्या दिवशी, ऑपरेशनला आत न्यायच्या आधी, तिने माझा हात ओढून जवळ घेतला. मला वाटलं काही मायेचं बोलेल. म्हणाली, 'मुलींना दिराकडून घरी आण. आता सगळ्यांना माहीत झालंय, आता कोणापासून लपवायचं?' परवा आणते त्यांना.

मग शुद्धीवर आल्यावर तिने तुझ्याबद्दल पहिल्यांदा विचारलं. तू तिथे काय खातोस, कुठे झोपतोस. मी तिला पत्र्याची शेड सांगितली, बारा माणसं सांगितली, गुरुवारची रांगही सांगितली. काही गोड केलं नाही. आज तिने मला कागद घ्यायला लावला आणि सांगेन तेच लिही, पदरचं घालू नकोस, असं दटावलं. ती म्हणते ते असं:

'सारपोंग, पैसे पाठवू नकोस. पत्र पाठव. त्यात खरं लिही.'

एवढंच सांगून ती झोपली. आता हे माझं. ती म्हातारी आहे, नुकतं ऑपरेशन झालंय, ती काहीही म्हणेल. पत्र पाठव, खरं लिही, आणि जमेल तेव्हा पैसेही पाठव. थोडे का असेना, पण तुझे.

तुझी बहीण,
पोकुआ